मिठागर हाउसची रांग

मित्रांनो, माझ्यावरचं पितळ आता काळं पडलंय, त्यामुळे तुम्ही मला ओळखणार नाही. मी नवी मुंबईतल्या एका शाळेची जुनी फिरती ढाल आहे. स्पर्धांमध्ये जे हाउस पहिलं येई, त्याच्याकडे मी वर्षभर राहायची.

जवळच्या पावणे गावातल्या एका लहानशा कारखान्यात सागवानी फळीवर पितळेचा पत्रा ठोकून मला घडवलं. खेळाचे शिक्षक गोवर्धन सर मला मांडीवर घेऊन रिक्षाने शाळेत आले. तेव्हा शाळेत गावठाणातली मुलं एका बाजूला बसत आणि सोसायट्यांमधली दुसऱ्या बाजूला. डबेसुद्धा वेगवेगळे खात. सरांना ते सलत होतं. म्हणून त्यांनी मुलांची चार हाउस, म्हणजे चार गट, केली आणि नावं इथलीच ठेवली: खाडी, डोंगर, भातशेत, मिठागर. पहिलीत आलेलं प्रत्येक मूल मडक्यात हात घालून एक रंगीत खडा काढी. जो रंग निघेल, ते त्याचं हाउस, थेट दहावीपर्यंत. मग सोसायटीतला मितेश आणि कोळीवाड्यातली गंगू एकच दोर धरून रस्सीखेच खेळू लागली.

मोठी मुलं आपल्या हाउसच्या लहानग्यांना हात धरून फाटकापर्यंत सोडत. क्रीडादिनाला जिंकलेली मुलं मला डोक्यावर घेऊन मैदानभर नाचत, आणि हरलेल्यांनाही मला हात लावायला मिळे. त्या घामट, चिकट हातांनी माझं पितळ चमकत राहिलं.

मग गोवर्धन सर निवृत्त झाले. नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि प्रत्येक गोष्टीला पॉइंट्स लागले. नखं वाढली, पॉइंट्स कट. बूट मळले, पॉइंट्स कट. आजारी पडून घरी राहिलं तरी कट. सोमवारी माइकवरून आकडे वाचले जात, आणि ज्याच्यामुळे हाउस मागे पडे त्याच्याशी मधल्या सुट्टीत कुणी बोलत नसे. लहानग्यांना फाटकापर्यंत सोडायची रीत कधी बंद पडली, ते कुणाला कळलंही नाही. तिला पॉइंट्स नव्हते.

मिठागर हाउस बरीच वर्षं शेवटी येत होतं. त्यांचा कॅप्टन दहावीतला रूपेश. त्याच हाउसमध्ये आठवीतली भाविका होती. तिची आई सुमित्राबाई बाजारात मासळी विकायची. भाविका धावायला लागली की सगळं मैदान तिच्याकडे बघत राही. यंदा तिच्या जोरावर मिठागर जिंकणार, असं सगळेच म्हणत होते.

ऑक्टोबरचं ऊन होतं. क्रीडादिनाच्या संचलनाचा सराव चालला होता. मुलांना जोर यावा म्हणून मला समोर टेबलावर मांडलं होतं, त्यामुळे मी सगळं पाहिलं. भाविकाला दोन दिवस ताप होता, तरी ती आली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दादा, चक्कर येतेय रे. बसू का जरा?"

रूपेशने माइककडे पाहिलं. "अगं, आता बसलीस तर पॉइंट्स कट होतील. थोडंच राहिलंय. प्लीज, उभी राहा."

"मिठागर, लाइन सरळ!" माइकवरून आवाज आला.

भाविकाने मान ताठ केली. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग रांग चालू लागली आणि चार पावलांतच ती कोसळली. तरीही तिच्या आजूबाजूची मुलं हात हलवत चालतच राहिली. रांग मोडायची नाही, असंच त्यांना शिकवलं होतं.

तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. भाविका परत आली नाही.

काही दिवसांनी सुमित्राबाई शाळेत आली. मी ऑफिसच्या कपाटावर होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आई, आम्हालाही फार वाईट वाटतंय. पण ती आधीपासून आजारी होती."

"आजारी व्हती तं उन्हात कशाला उबी केली? माझ्या पोरीला कुनी बस म्हनलं नाय?"

दाराशी रूपेश उभा होता. गप्प राहा, असं त्याला बजावलेलं होतं. तरी तो आत आला. "मावशी, ती बसू का म्हणत होती. मीच तिला उभं राहायला लावलं. पॉइंट्ससाठी."

सुमित्राबाईने हात उगारला. तो वरच राहिला. मग तिने हात खाली घेतला.

"तू पन पोरच हायेस," ती म्हणाली. "तुला ह्ये कुनी शिकवलं?"

तिने खोलीतल्या एकेका मोठ्या माणसाकडे पाहिलं. ती तशीच निघून गेली. रूपेशने कॅप्टनचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून तो रडत राहिला. त्याच्या पाठीवर हात ठेवायलाही कुणी पुढे झालं नाही.

त्या वर्षी क्रीडादिन झाला नाही. गोवर्धन सर काठी टेकत आले, पॉइंट्स बंद करा म्हणून त्यांनी हात जोडले. "विचार करू, सर," असं त्यांना सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी हाउसना रत्नांची इंग्रजी नावं आली, काचेची नवी ट्रॉफी आली, आणि पॉइंट्स आता मोबाइलवर दिसतात. मला अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांखाली टाकलंय. इथे वाळवी माझी फळी पोखरतेय. बाहेर माइक सुरू झाला की मला ती रांग दिसते.

मला पुसा, पुन्हा भिंतीवर लावा, असं मी म्हणत नाही. मित्रांनो, एवढंच करा. तुमच्या शेजारी उभं असलेलं कुणी डळमळलं तर माइककडे बघू नका. रांग मोडा, त्याला सावलीत बसवा, पाणी द्या. पॉइंट्स जातील. खुशाल जाऊ द्या.