लॅपटॉपमधले नरहरपंत

"गेला! पुन्हा गेला!"

गंगेकाठी राजा घाटाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत अर्धी गल्ली लोटली होती. जिन्यातही माणसं उभी होती. सगळ्यांचे डोळे पाटावरच्या लॅपटॉपवर. यज्ञेश्वर महाराजांनी बटण दाबलं, पडदा उजळला, मंत्र सुरू झाला आणि बघता बघता पडदा काळा पडला.

"देखा?" महाराज गरजले. "दर वेळी आधीपेक्षा लवकर विझतं! नरहरपंत उग्र होताहेत. वर्षश्राद्ध झालं तरी गती नाही, यंत्रात अडकलेत. सुनेनं बटणं बडवलेली त्यांना रुचली नाहीत!"

"हर हर महादेव!" जिना दुमदुमला.

नरहरपंत म्हणजे माझे वडील. हयातीत सुनेच्या शिक्षणाचं कौतुक करताना थकत नसत. मेल्यावर मत बदललं आणि ते सांगायला त्यांना नेमका हा भोंदू सापडला!

मी मालविका, मिर्झापूरला डॉक्टर. निवेदितावहिनीचा फोन आला तशी धावत आले होते. तिचा संस्कृतचा प्रबंध, कित्येक वर्षांची मेहनत, ह्याच जुन्या लॅपटॉपमध्ये होता. दुसरी प्रत नव्हती आणि सोमवारी तो विद्यापीठात द्यायचा होता. पण दसऱ्यापासून लॅपटॉप सुरू झाला की लगेच बंद पडायचा. फ्लॉपीवर उतरवायलाही सवड मिळेना. दुकानदारांनी "दिल्ली ले जाइए" म्हणून हात झटकले. महाराजांचा उपाय सोपा होता: गंगेत विसर्जन. खाली नाव तयार होती.

वहिनीनं आईचे पाय धरले. "आई, नका हो! सगळं बुडेल माझं!"

आईही रडत होती. "अगं, त्यांना सुटू दे गं. रोज स्वप्नात येतात."

मी पाटाशी बसले.

"हात लावू नकोस, भस्म होशील!"

"मी मुडदे चिरलेत, महाराज. अजून शाबूत आहे."

लॅपटॉप तापानं फणफणलेल्या रोग्यासारखा भाजत होता. खाली जाड लोकरी आसन. मी बटण दाबून स्टेथोस्कोप लावला. आतल्या पंख्याची घरघर यायला हवी होती, पण नुसती टिकटिक येत होती. कुठंतरी काहीतरी अडत होतं. बंद करून कडेच्या फटीत विजेरीचा उजेड टाकला, चिमटा घातला. बाहेर आला कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा.

"अक्षता!" आई पुटपुटली. "खंडेनवमीला मीच वाहिल्या. विळी, शिवणाचं मशीन आणि हा."

"दाण्यानं पंखा अडला, आई. आतली उष्णता बाहेर जाईना. जळण्याआधी यंत्र आपणहून बंद होतं. निवू न देता परत परत लावलं की आणखी लवकर. हा कसा बंद पडतो, ते महाराजांना ठाऊक होतं?"

"त्यांनीच खोदून खोदून विचारलं होतं गं."

भोंदूला दिव्यदृष्टी लागत नाही. तिखट कान पुरतात.

लॅपटॉप उघड्या फरशीवर निवू दिला, मग लावला. पंखा घरघरला. पडदा उजळलेलाच राहिला.

"मंत्राचाच प्रभाव!" महाराज म्हणाले.

"छान! दाणा परत घालते. मंत्रानं चालवून दाखवा."

महाराजांना एकदम नाववाल्याची आठवण झाली. त्यांच्यामागून गल्लीही हळूहळू ओसरली. वहिनी फ्लॉपीमागून फ्लॉपी घालत होती आणि हुंदके देत होती.

आई मात्र पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे ते ह्यात नव्हतेच?"

"नव्हते, आई."

वर्षभरात रडली नव्हती इतकी ती त्या दुपारी रडली. मीही रडले. तिचा नवरा आज दुसऱ्यांदा गेला होता आणि ह्या वेळी त्याला मी नेलं होतं.

म्हणून हात जोडून सांगते. गेलेल्या माणसासाठी पोटभर रडा, त्यात लाज नाही. बंद पडलेली वस्तू मात्र उघडून बघा. आणि आपलं दुःख महाराजांच्या हाती देऊ नका. ते त्याचं दुकान मांडतात, आणि किंमत घरातल्या लेकीसुना भरतात.