ताईच्या तोंडून

केस कापायचं दुकान दोघी बहिणींचं. ताई बोलण्यात पटाईत, धाकटीचा कात्रीवर हात बसलेला. धाकटीला विशीपासून सोरायसिस. कोपरांवर, पाठीवर लाल चट्टे उठायचे, खपल्या धरायच्या. ती बारा महिने पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. पाठीला मलम लावायचं काम ताईचं. "हे स्पर्शानं कुणाला होत नाही," असं डॉक्टरांनी दोघींसमोरच सांगितलं होतं.

त्या वर्षी चट्टे मनगटापर्यंत उतरले, आणि धाकटीच्या खुर्चीकडे कुणी फिरकेना. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं "आज ताईंकडेच कापते हं" म्हणत नजर चुकवू लागली. लोकांना हात दिसले असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली.

एका दुपारी ती मागच्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालत होती. पडद्यापलीकडे एक शिक्षिका खुर्चीत बसल्या होत्या.

"बहिणीच्या हाताला काय झालंय हो तुमच्या?"

"काय सांगू बाई," ताईचा आवाज खाली आला. "जुनंच दुखणं. पण तुम्ही निर्धास्त राहा. तिच्या कात्र्या, कंगवे मी वेगळेच ठेवते."

धाकटीनं हातातला टॉवेल खाली ठेवला. वेगळं काहीच नव्हतं. सकाळीच दोघींनी एका कंगव्यानं केस विंचरले होते.

शिक्षिका गेल्यावर ती बाहेर आली. "किती जणींना सांगितलंस हे?"

ताईनं आधी उडवाउडवी केली, मग वैतागली. "गिऱ्हाईक तुटत होतं. कुणाकुणाला समजावत बसू? असं म्हटलं की विषय मिटतो."

"त्यांना माहीत नाही, म्हणून त्या घाबरतात. तुला तर माहीत आहे ना, ताई?"

ताई खाली पडलेले केस झाडत राहिली. "दुकानासाठीच केलं ना? माझं काय चुकलं?"

धाकटीनं वाद वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडच्या सलूनमध्ये गेली आणि मालकिणीसमोर बाह्या वर केल्या. "हे जन्मभर राहणारं आहे. कुणाला लागत नाही. चालेल?"

मालकिणीनं चष्मा लावून हात नीट पाहिले. "कापतेस कशी ते दाखव," म्हणाली आणि स्वतःच खुर्चीत बसली.

तिथं तिचं बरं चाललंय. अजूनही एखादी बाई कुरकुरते. "मग माझ्यासाठी थांबा तासभर," मालकीण सांगते.

ताईचा अधूनमधून फोन येतो. धाकटी उचलते, इकडचं तिकडचं बोलते. "तब्येत कशी आहे?" असं ताईनं विचारलं, की "बरी आहे" म्हणते. मग ती बरी असो वा नसो.