पारकरांचं घराणं

मोमिनाबादची, म्हणजे आंबेजोगाईची, छावणी उठली, रिसाल्याचे घोडे गेले, बंगल्यांच्या कौलांत कबुतरं राहायला आली, तरी पारकरसाहेब गेले नाहीत. जाणार तरी कुठं? वॉल्टर पारकर जन्मला तो इथंच, आंबेजोगाईत. विलायत त्यानं डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. त्याचे आजोबा थॉमस रिसाल्याबरोबर घोड्यांच्या जिनांच्या कामावर आले, त्यांच्यामागं वडील जेम्स, आणि आता तो. घराच्या पडवीत तीन पिढ्या जिनं, लगाम, पट्टे तयार होत होते. पण कातड्याला हात लावायचा तो म्हाळू चांभारानं. त्याच्याआधी त्याच्या बापानं, त्याच्याआधी आज्यानं. पारकरांनी खुर्चीवर बसून माप सांगायचं, बस्स.

गावात पारकरांचा मान मोठा होता. अर्जुनराव देशमुखांच्या बैठकीत वॉल्टरला गादीच्या शेजारी खुर्ची मिळायची. तो निव्वळ गोरा होता म्हणून नव्हे. गोरे छावणीत पुष्कळ येऊन गेले. पारकर म्हणजे विलायतेतले जमीनदार, हॅलबी नावाच्या गावी त्यांची गढी आहे, असं गाव मानत होतं. ही गढी थॉमस आजोबांनी उभी केली होती, तोंडानं. अर्जुनरावांच्या आज्यानं त्यांना एकदा सहज विचारलं होतं, "तिकडं तुमचं घराणं काय करतं?" त्या वेळी अंगणात म्हाळूचा आजा ओंजळ धरून उभा होता आणि एक बाई त्याला वरून, लांबून पाणी ओतत होती. थॉमसनं ते पाहिलं आणि म्हणाला, "जमीन आहे आमची. मोठी."

खरं असं होतं, की हॅलबीचे पारकर पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवत आले होते. जेम्सनं आपल्या शेवटच्या आजारपणात हे सगळं वॉल्टरला सांगितलं आणि वर बजावलं, "हे बाहेर गेलं तर तुला या गावात कुणी खुर्ची देणार नाही." तेव्हा वॉल्टरला लाज वाटली होती. पण ती खोट्याची नव्हे, जोड्यांची.

दसरा जवळ आला होता. अर्जुनराव आपल्या नव्या घोड्याचं जीन बघायला पडवीत येऊन बसले होते. म्हाळू पायऱ्यांखाली अंगणात जमिनीवर बसून पट्ट्याला टाके घालत होता. तेवढ्यात दारात बैलांची दमणी थांबली आणि तिच्यातून एक पांढऱ्या केसांची गोरी बाई आपली पेटी घेऊन उतरली. उन्हानं तिचं तोंड लाल झालं होतं.

"वॉल्टर पारकर यांचे घर हेच ना?" पडवीत येऊन तिनं शुद्ध, पुस्तकी मराठीत विचारलं. "मी एडा पारकर. आपली चुलत बहीण. माझे आजोबा आणि आपले आजोबा सख्खे भाऊ होते."

ती जालन्याकडं एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. आजीच्या तोंडून थॉमसचं नाव ऐकत लहानाची मोठी झाली होती, आणि आता रजा मिळाली तशी शोधत आली होती. वॉल्टर उठून उभा राहिला. अर्जुनरावांनीच पुढं होऊन नमस्कार केला.

"लई आनंद झाला, बाईसाहेब. तुमच्या तिकडल्या गढीत आता कोण ऱ्हातं?"

"गढी?" एडा हसली. "आमच्या घराला दोन खोल्या होत्या, अर्धी जागा कातड्यांनी भरलेली." एवढ्यात तिची नजर म्हाळूकडं गेली आणि तिचा चेहरा उजळला. ती सरळ पडवीच्या पायऱ्या उतरली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि हात पुढं करून तिनं त्याची आरी मागितली. म्हाळूनं घाबरून साहेबाकडं पाहिलं. बाईनं आरी उचलली, पट्ट्याला भोक पाडलं, मेणाचा दोरा दोन्ही बाजूंनी ओढून घट्ट केला.

"हेच आमच्या घरचे काम," ती अभिमानानं म्हणाली. "पाच पिढ्यांचे."

अर्जुनरावांनी तोंडापर्यंत नेलेला विडा परत तबकात ठेवला. ते वॉल्टरकडं पाहत राहिले.

"देशमुख," वॉल्टर म्हणाला, आणि आपला आवाज इतका सहज कसा निघाला याचं त्याला नंतर नवल वाटलं, "या बाईंची चूक होतीय. पारकर नावाचे लोक तिकडं गावोगाव हायत. आमचा यांचा काई संबंध न्हाई." मग तो तिच्याकडं वळला. "बाई, तुमी चुकीच्या घरी आलात. म्हाळू, यांचं सामान दमणीत ठेव."

एडा जमिनीवर बसल्या बसल्या त्याच्याकडं बघत राहिली. त्याचं नाक, त्याचे कान, कपाळावरून मागं गेलेले केस सगळे तिच्यासारखेच होते. तिनं आरी म्हाळूच्या हातात दिली आणि उठून लुगड्यासारखा लांब झगा झटकला.

"माझीच चूक झाली असेल," ती म्हणाली.

दमणी गेली. अर्जुनरावांनी विडा तोंडात टाकला. "काय एकेक माणसं," ते म्हणाले, आणि जिनाचं बोलणं पुढं सुरू झालं.

दिवस मावळताना वॉल्टर सरकारी मुसाफिर बंगल्यावर गेला. एडा व्हरांड्यात बसली होती. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिनं खुर्ची पुढं सरकवली. ती खुर्ची बघून त्याला बसवेना.

आता दोघं इंग्रजीत बोलत होते. त्यानं आजोबांचं खोटं सांगितलं, वरून ओतलेलं पाणी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं आपलं घराणं सांगितलं. पणजोबा सॅम्युएल फ्रान्सविरुद्धच्या जुन्या लढाईत इंग्रज सैन्याचे बूट शिवायचे. त्यांचा थोरला मुलगा दिव्याच्या उजेडात शिवता शिवता आंधळा झाला, तरी चाचपून शिवत राहिला. त्याची बायको हॅना, म्हणजे एडाची आजी, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून बुटांचे वरचे भाग शिवायची. पुढं यंत्रं आली, कारखाना आला, तेव्हा गावातल्या चांभारांनी पोटाला चिमटा घेऊन एक वाचनाची खोली बांधली. एडा वाचायला शिकली ती तिथंच.

"आणि थॉमस," ती म्हणाली, "आजी सांगायची, त्याच्यासारखा बारीक टाका हॅलबीत कुणाचाच नव्हता."

वॉल्टरनं मान खाली घातली. असले पूर्वज ज्याला मिळाले, त्यानं दगडाची एक खोटी गढी सांभाळली होती.

"तू मला ओळख दिली नाहीस, ते मी समजू शकते," एडा म्हणाली. "पण तो खाली बसलेला माणूस? तो तर आपल्याच कामाचा. त्याला तुम्ही तीन पिढ्या खाली का बसवलं?"

सकाळी ती जालन्याला निघून गेली.

त्याच सकाळी वॉल्टर पडवीत आला तेव्हा म्हाळू कामाला बसला होता. तो पायऱ्या उतरून त्याच्याजवळ उभा राहिला.

"म्हाळू, काल ती बाई बोलली ते खरं हाय. ती माझी बहीणच हाय. आमी जोडे शिवणारे."

"ठाव हाय, साहेब," म्हाळू म्हणाला. त्याचा हात थांबला नाही.

"कुणी सांगितलं?"

"आज्यानं. तुमचे थोरले साहेब आतल्या खोलीत दार लावून आज्याच्या शेजारी बसायचे. चांगलं काम समदं दोघं मिळून करायचे. एका तांब्यानं पाणी प्यायचे म्हणं. भायेर बोलायचं न्हाई, साहेबाची अब्रू जाईल, असं आज्यानं बापाला सांगितलतं. बापानं मला."

"मग इतकी वर्षं काहून गप्प राहिलास?"

म्हाळूनं दोरा दातानं तोडला. "बोललो असतो तर तुमी खाली आला असता, साहेब. आमी काई वर गेलो नसतो."

जेम्सनं वॉल्टरला घराण्याचं गुपित म्हणून जे सांगितलं होतं, ते या माणसांनी तीन पिढ्या फुकट राखलं होतं, आणि ज्या दाराआड आजोबा माणसासारखे बसले, ते दार वडिलांनी आणि त्यानं कायमचं लावून टाकलं होतं.

तो खाली बसला. कसं बसायचं तेही त्याला येत नव्हतं. गुडघे दुखले, पाय अवघडले. त्यानं आरी मागितली. म्हाळूनं दिली. पहिलंच भोक वाकडं गेलं. म्हाळूनं काही न बोलता त्याचा अंगठा धरून नीट ठेवला. दुसरं जरा बरं पडलं.

तेवढ्यात फाटकाशी हाक आली. अर्जुनरावांचा कारभारी गहिनीनाथ जीन न्यायला आला होता.

वॉल्टरनं ठरवलं की उठायचं नाही. मनात अगदी पक्कं ठरवलं. आणि गहिनीनाथ फाटक उघडून आत येईपर्यंत तो उठलेला होता, गुडघ्यावरची माती झटकत होता, आणि म्हणत होता, "या, या. जीन तयारच हाय. जरा याचं काम तपासत होतो."

म्हाळूनं वर पाहिलं नाही. त्यानं जमिनीवर पडलेली आरी उचलली, वाकड्या भोकाशेजारी नवं भोक पाडलं आणि टाका घातला.