भिंतीवरची गादी

मी एक गादी बोलतेय. कापसाची, जुनी, एका माणसापुरती. अंगाखाली घालायची वस्तू मी. पण गेलं वर्षभर भिंतीवर उभी होते. उभ्याने कुणाला स्वस्थता लाभते का?

माझा पहिला धनी बॉयलरच्या कारखान्यातला फोरमन. हातोड्यांच्या दणदणाटात तीस वर्षं काढून कान गेलेले, पण झोपेतही त्याची बोटं माझ्यावर ठोके देत राहायची. निवृत्तीनंतर पाठ धरली, डॉक्टरांनी फळीवर झोपायला सांगितलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

मुलगा वेल्डर. घराला लागूनच त्याचं वर्कशॉप. काम संपलं की तो तिथे गिटार घेऊन बसायचा. हेवी मेटलचा बँड काढायचं वेड डोक्यात. वर्षभर एकटाच वाजवत होता. मग खिडकीची जाळी बसवून घ्यायला आलेला बेकरीवाला ड्रम घेऊन परत आला. आणखी सहा महिन्यांनी गणिताच्या बाई बेस गिटार घेऊन आल्या. माणसं जमली, वाजवणं काही जमेना. ड्रम पुढे धावायचे, गिटार मागे फरफटायची. त्यात भिंतीपलीकडून, म्हाताऱ्याच्या खाटेपासून, धपाधप ठोके पडायचे.

"बाबांना भिंत हादरल्याचा त्रास होतोय," वेल्डर म्हणाला. त्याने मला खाली काढलं आणि स्पीकरच्या मागे भिंतीवर खिळ्यांनी ठोकलं. म्हाताऱ्याला विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

पलीकडचे ठोके थांबले. मला केवढा अभिमान वाटला. बँड मात्र आणखीच विस्कटत गेला. पहिला कार्यक्रम आठ दिवसांवर आला, तेव्हा बाईंचा धीर सुटला.

"तुम्ही मोजता तरी का हो?"

"मोजूनमापून कुणी संतापतं का, बाई?" बेकरीवाला म्हणाला.

"मग उद्यापासून मला धरू नका."

वेल्डरने गिटार खाली ठेवली. त्याचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात दारात म्हातारा उभा.

"बंद केलंत का रे?" बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात त्याने विचारलं. "वर्ष झालं, भिंत गप्प आहे."

वेल्डरने माझ्याकडे बोट दाखवलं, त्याच्या कानाशी ओरडला, "तुम्ही भिंत ठोकत होता, म्हणून लावली."

"अरे, भिंतीला हात लावून मी ठोका धरून देत होतो. हा बेकरीवाला पळतो. कारखान्यात मी आणि जोडीदार एकाच रिव्हेटवर, पत्रे जोडायच्या खिळ्यावर, आळीपाळीने हातोडे मारायचो. एक चुकला तर दुसऱ्याचा हात जायचा."

वेल्डरने मला खिळ्यांसकट ओढलं. माझी एक बाजू फाटली. म्हातारा खाटेवर परत गेला, पलीकडून ठोके सुरू झाले, आणि त्या दिवशी तिघांनी एक गाणं एकत्र सुरू करून एकत्र संपवलं.

आता ड्रम सरकू नयेत म्हणून मी त्यांच्याखाली पडून असते. क्षणाची उसंत नाही. कापूस बाहेर येतोय, फार दिवस टिकायची नाही. मला खुशाल फेकून द्या. फक्त त्या भिंतीवर माझ्या जागी दुसरीला टांगू नका. बापलेकांच्या मध्ये मी वर्षभर उभी होते, आणि मला वाटत होतं, मी म्हाताऱ्याची सेवा करतेय.