सतरा ते बत्तीस

मी एक जुना अंक आहे, मित्रांनो. जुना म्हणजे गेल्याच वर्षीचा. पण इतिहास-संस्कृतीचं त्रैमासिक जन्मतःच म्हातारं असतं. माझं नाव ‘उपनगर संशोधन’. मुलुंडचे निवृत्त शिक्षक नंदकुमार माझे संपादक. लेखक तेच, पाकिटांवर तिकिटं चिकटवणारेही तेच.

माझ्या पोटात त्यांचा एक लेख होता : माहुलच्या कोळणींची लग्नगीतं. रिफायनरीच्या वासात बसून, एकेका म्हातारीला पुन्हा पुन्हा गायला लावून त्यांनी ती उतरवली होती. काही म्हाताऱ्या छपाईपर्यंत थांबल्या नाहीत.

छापखान्यात मोठे कागद घडी घालून शिवतात, मग यंत्राने कडा कापतात. माझी मधली घडी जरा आत सरकली आणि सुरी तिथवर पोचलीच नाही. सगळ्याच प्रतींत सतरा ते बत्तीस ही पानं पाकिटासारखी बंद राहिली. अख्खा लेख आत.

प्रकाशन थाटात झालं. प्रमुख पाहुणे प्राध्यापक चैतन्य यांनी मला गालाशी धरून फोटो काढून घेतला. म्हणाले, “कोळीगीतांचा लेख आत्ता येताना रिक्षात वाचला. डोळे पाणावले!” टाळ्या पडल्या.

घरी येऊन नंदकुमारांनी अंक उघडला, तेव्हा कुठे बंद पानं दिसली.

“अहो, सगळ्यांना फोन करा,” शुभाताई म्हणाल्या. “म्हणावं, सुरीने कापून घ्या.”

“थांब गं. येऊ दे ना तक्रार. एक जरी आली तरी पुढचा अंक काढीन. नाही आली तर दुकान बंद.”

पत्रं आली. एकाने लेख एका बैठकीत संपवला होता. एकाच्या कानात चाली घुमत होत्या. एका विद्वानाने तर लेखातल्या दोन चुकाही दाखवल्या. नंदकुमार पत्र वाचायचे, घडी घालायचे आणि म्हणायचे, “हाही नाही.” हळूहळू त्यांचं जेवण कमी झालं.

मी होतो चैतन्य सरांची प्रत. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलो आणि तिथून स्टेशनबाहेर, निलेशच्या भजीच्या गाडीवर. एका संध्याकाळी गाडीवर नंदकुमारच आले. निलेशने मला उचललं, ओढलं आणि तो वैतागला.

“काय वैताग आहे, काका! कसलं पुस्तक हे? पानंच सुटत नाहीत. गिऱ्हाईक बघू की हे फाडत बसू?”

नंदकुमारांचा चेहरा उजळला. “कितव्या पानापासून रे?”

निलेशने तेलकट बोटाने पाहिलं. “सतरा.”

“बरोब्बर!”

निलेशने शेवटी पहिलंच पान फाडलं आणि त्यात भजी बांधली. नंदकुमार जवळजवळ धावत घरी पोचले. “शुभा, तक्रार आली गं!”

शुभाताईंनी पुडी सोडली. भज्यांखाली नंदकुमारांचंच अक्षर होतं : ‘प्रा. चैतन्य यांस, सप्रेम.’ त्यांनी ते पान चुरगाळून मुठीत धरलं आणि ताट वाढलं. नंदकुमार पोटभर जेवले.

पुढचा अंक छापायला गेलाय.

तेव्हा मित्रांनो, मागणं एवढंच. कुणी सप्रेम अंक दिला तर तो वाचलाच पाहिजे असं नाही, तशी पद्धतही नाही. फक्त रद्दीत घालण्याआधी बंद पानं तेवढी कापून ठेवा. निलेशचा खोळंबा होतो, आणि भजी गार होतात.