एक जूनची दोन माणसं

मी टाइम ऑफिसचा जुना डेटाबेस बोलतोय. बावीस वर्षं मी कुणी विचारल्याशिवाय एक शब्द बोललो नाही. त्याचं फळ काय मिळालं ते बघतोच आहे. आता मला पुसणार आहेत, तेव्हा कुणी विचारो न विचारो, मी बोलणार. गोड बोलेन अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

भोसरी एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत माझा जन्म झाला. जन्म कसला, एका माणसाने सीडी घातली, चहा प्यायला आणि निघून गेला. मला माणसांत आणलं ते हनीफभाईंनी. ते टाइम ऑफिसचे, म्हणजे हजेरीखात्याचे, कारकून. दोन बोटांनी टाइप करायचे, पण एक रकाना रिकामा सोडतील तर शपथ. कामगार समोर आला की त्याचं नाव विचारायचे, मग बापाचं, मग गाव. "बापाचं नाव नाही लिहिलं तर माणूस अर्धाच नोंदला जातो, भाऊ," असं त्यांचं म्हणणं. साडेतीन महिने खपून त्यांनी जाडजूड रजिस्टरं माझ्यात उतरवली. बाकीच्यांनी मला फक्त शिव्या दिल्या, मी हळू चालतो म्हणून. डब्यावरची धूळ पुसायला मात्र एकाचाही हात उचलला गेला नाही.

माझ्यात चारशेच्या वर माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. हसू नका. गावाकडे पोराला शाळेत घालताना बापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. तीच तारीख पुढे दाखल्यावर आली, आधार कार्डावर आली आणि माझ्यातही आली. हे हनीफभाईंना ठाऊक होतं, म्हणून मलाही ठाऊक होतं.

त्या चारशेंत दोन ज्योतीराम गवळी होते. दोघे बीडकडचे, एकाच भावकीतले, दोघांची जन्मतारीख एक जून एकोणीसशे शहात्तर. ज्योतीराम चिमाजी पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर. ज्योतीराम कोंडीराम पॅकिंगला. हा दुसराही आधी प्रेसवरच होता. मग घरी दोनदा आकडी आली, तर हा गृहस्थ दवाखान्याचा कागद घेऊन आपणहून हनीफभाईंपुढे उभा राहिला. "लपवून कसं चालंल? मशीनला थोडंच कळतंय," म्हणाला. प्रेसचा भत्ता जाणार हे माहीत असून आला होता. कंपनीच्या डॉक्टरांनी सही केली, कागद ठेवून घेतला, आणि हनीफभाईंनी माझ्यात लिहिलं: आकडीचा आजार, प्रेसवर कायमची बंदी. नऊ वर्षं ती ओळ मी जपली. प्रेससाठी माणसांची यादी मागितली की हे नाव मी एकदाही दिलं नाही.

हनीफभाई निवृत्त झाले आणि साहेबलोकांना नव्या डेटाबेसची हौस आली. माझ्यातलं सगळं त्याच्यात ओतायचं आणि मला कुलूप लावायचं. या कामाला हिंजवडीहून प्रज्वल आला. रोज ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडत उशिरा यायचा. माझे रकाने पाहून तोंड वाकडं करत म्हणाला, "काय कचरा साठवलाय राव." नव्या घरात नाव आणि आडनाव एवढ्याच दोन जागा होत्या. बापाला तिथे थारा नव्हता.

आता खरं सांगायचं तर माझ्यात काही माणसं दोनदा होती. आधी ठेकेदाराकडून आलेली, मग कंपनीत कायम झालेली, म्हणून दोन टोकन नंबरांची. ती निस्तरायला प्रज्वलने नियम केला: नाव, आडनाव आणि जन्मतारीख सारखी असली तर माणूस एकच. एक ठेवायचा, दुसरा गाळायचा. मोठं शहाणपण. स्वतःच्या आजोबांच्या दाखल्यावर कुठली तारीख आहे ते पाहिलं असतं तर हा नियम त्याने केला नसता.

एका गुरुवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला, ओतणं झालं. ज्योतीराम चिमाजी राहिला, ज्योतीराम कोंडीराम गळाला. गाळलेल्यांची यादी समोर तयार होती, जेमतेम शहाण्णव नावं. वाचायला दहा मिनिटं लागली असती. प्रज्वलने ती उघडलीसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी गेटवर कोंडीरामच्या ज्योतीरामचा अंगठा यंत्र घेईना. मागे अख्खी शिफ्ट खोळंबली आणि ओरडायला लागली. प्रज्वल लॅपटॉप घेऊन धावला. त्याने चिमाजीच्या ज्योतीरामची नोंद जशीच्या तशी कॉपी केली, फोटो बदलला, अंगठा नवा घेतला. "झालं काका, जा आत." दोन मिनिटांचं काम. त्या कॉपीबरोबर दुसऱ्याची तब्येतही या माणसाला चिकटली: प्रेससाठी योग्य, बंदी काही नाही.

तीन आठवड्यांनी प्रेसवर माणूस कमी पडला. सुपरवायझर जयसिंगने नव्या डेटाबेसकडून यादी काढली आणि पॅकिंगमधून ज्योतीरामला टाइम ऑफिसात बोलावलं. मला एव्हाना शेजारच्या खोलीत कुलपात ठेवलं होतं; ते बोलणं मी भिंतीआडून ऐकलं.

"साहेब, मला प्रेसवर बंदी हाय. आपल्याच डाक्टरची सही हाय."

"सिस्टीममध्ये तर काही दिसत नाही, भावा. कागद दाखव."

"कागद कंपनीनंच ठिवून घेतला न्हवं."

"मग मी काय करू? उद्या सगळेच म्हणतील बंदी आहे. ओव्हरटाइम लागतो तेव्हा बरे पुढे येता."

एका भिंतीपलीकडे मी होतो. जयसिंगने मला विचारलं असतं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं असतं. प्रेसवर उभा केलेला ज्योतीराम चौथ्या दिवशी आकडी येऊन मशीनवरच कोसळला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

आणि कंपनीने त्याला काय पाठवलं असेल? नोटीस. आजार लपवून काम केल्याबद्दल कामावरून का काढू नये, खुलासा करा.

त्याची बायको सुमनताई ती नोटीस घेऊन टाइम ऑफिसात एचआरच्या मोनिका मॅडमकडे आली. नोटिशीवर सही याच मॅडमची. सोबत हनीफभाई होते, पांढरी दाढी, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. सुमनताई रडली नाही. म्हणाली, "मॅडम, बोटं गेली ती गेली. पर त्येला खोटारडा म्हनू नका. त्येनं आपल्या तोंडानं सांगितल्यालं हाय."

हनीफभाई म्हणाले, "जुन्या मशीनमध्ये मी माझ्या हातांनी लिहिलंय. एकदा उघडून बघा, मॅडम."

"ती सिस्टीम बंद झालीय, काका," मॅडम म्हणाल्या, आणि फोन घ्यायला उठल्या.

हे बोलणं प्रज्वलच्याही कानावर गेलं असावं, कारण त्या दुपारी तो एकटाच आला. माझं कुलूप काढलं आणि मला विचारलं, या वेळी बापाच्या नावासकट. मी दोन्ही ज्योतीराम त्याच्यापुढे ठेवले. बंदीची ओळ ठेवली, तिची तारीख ठेवली, डॉक्टरांचं नाव ठेवलं. त्याने सगळं वाचलं. मग पडदा बंद करून निघून गेला. मला वाटलं, मॅडमकडेच गेला असेल. मूर्ख मी. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याने मला पुसायची तारीख तीन महिने अलीकडे आणली आहे. कारण दिलंय: जागा अडते.

डॉक्टरांच्या सहीचा कागद जुन्या फायलींबरोबर कधीच रद्दीत गेला. माझ्यानंतर कुठेच लिहिलेलं राहणार नाही की ज्योतीराम कोंडीराम गवळी खरं बोलला होता. मला पुसा, माझी तक्रार नाही. माझं वय झालंय, आणि तुमची तोंडं बघून मी कंटाळलोय. पण एवढं करा. टोकन नंबर पाचशे सत्तेचाळीस. ती एक ओळ कागदावर छापा आणि सुमनताईच्या हातात द्या.

प्रज्वल, तुझी चूक झाली तेव्हा तुला माहीत नव्हतं. ते मी सोडून दिलं असतं. आता तुला माहीत आहे. आजार लपवल्याची नोटीस त्याला गेलीय, आणि लपवतोयस तू.