चमच्याचं बालपण

रांग परिचारिका महाविद्यालयाच्या सभागृहातून पार जिन्यापर्यंत गेली होती. टेबलावर काचेचं भांडं, भांड्यात स्वच्छ पाणी. मुलीने हात बुडवला की पाणी गुलाबी होई आणि सगळं सभागृह श्वास रोखून धरी.

"पाणी सगळं लक्षात ठेवतं, बाळांनो," जलगुरू सांगत होते. "आईच्या पोटात कशात होता तुम्ही? पाण्यातच ना? मग लहानपणीचा घाव त्यालाच कळणार." मग ते बाटलीतून 'क्षमेचे तीन थेंब' सोडत. पाणी पुन्हा नितळ. घाव गेला. मुलगी डोळे पुसत बाजूला, भांड्यात नवं पाणी, पुढची या.

तो तास खरा माझ्या भाचीचा. ती तिथे शिकवते. तीन आठवडे ती जीव तोडून सांगत होती, की लहानपणी घरात सतत भीती असेल तर शरीर पुढेही पहाऱ्यावरच राहतं. झोप उडते, पोट दुखतं, मोठेपणी रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून रुग्णाला नीट विचारा आणि ऐकून घ्या. प्राचार्यबाईंना हे फार लांबण वाटलं, म्हणून त्यांनी त्या तासाला जलगुरूंना बोलावलं. "हे गृहस्थ एका मिनिटात बरं करतात," त्या म्हणाल्या.

मी तिथला सरावाचा रुग्ण. मुली माझ्या दंडावर रक्तदाब मोजायला शिकतात. त्यांच्या आकड्यांनुसार मी आजवर दोनदा वारलो आहे. मीही रांगेत उभा राहिलो. दारात गुरूंच्या मदतनीस बाईंनी सगळ्यांसारखी माझ्याही तळहातांना पांढरी शुद्धीपूड चोळली. माझं पाणी सगळ्यांत गडद झालं.

"वडिलांचा मार," गुरू हळहळले.

माझे वडील मला रागावण्याआधी आईची परवानगी घेत, आणि ती मिळत नसे. पण पाण्यापुढे आपण काय बोलणार.

शेवटी चिमणी आली. आवाज बारीक म्हणून वर्गातल्या मुलींनी ठेवलेलं नाव. वॉर्डातून थेट, हातांना स्पिरिट चोळत, धावतपळत. मदतनीस बाई तेव्हा चहाला गेल्या होत्या. चिमणीच्या छातीत धडधड होई, पोटात कळा येत. लहानपणी घरात काय चाले, हे भाचीला सांगायला तिला वर्ष लागलं होतं. काय ते भाचीने मला सांगितलं नाही, सांगणारही नाही. येत्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायला चिमणी पहिल्यांदाच तयार झाली होती, एवढंच मला ठाऊक.

तिने हात बुडवला. पाणी जसंच्या तसं.

"निर्मळ बालपण," गुरू म्हणाले. "हिला काही झालेलं नाही. दुखणं म्हणजे नाटक."

"मला वाटलंच होतं," प्राचार्यबाई म्हणाल्या. "गुरुवारची रजा रद्द."

चिमणीने मान डोलावली. तिला त्याची सवय असावी.

भाची उठली. तिचा तो चेहरा मी ती चार वर्षांची असल्यापासून ओळखतो. मी माझी खुर्ची जरा मागे घेतली.

"हिला पूड लावली होती का हो?" तिने चहाहून परतलेल्या मदतनीस बाईंना विचारलं.

"राहिलीच, मॅडम."

"द्या इकडे."

तिने स्टीलच्या चमच्यावर चिमूटभर पूड घेतली आणि चमचा चिमणीच्याच भांड्यात बुडवला. पाणी गडद गुलाबी.

"गुरुजी, या चमच्याला कोणी मारलं होतं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गुरू म्हणाले, चमच्यानेही पुष्कळ दुःख पाहिलेलं असतं.

"पूड म्हणजे धुण्याचा सोडा," भाची म्हणाली. "पाण्यात शाळेच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन. सोडा लागला की गुलाबी, आंबट लागलं की रंग जातो. क्षमा लिंबाची आहे. वास घ्या."

बाटली रांगेतून फिरली. एक मुलगी पुटपुटली, "हे आम्हाला दहावीला होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"सगळ्या रडत होत्या, मॅडम."

"पण मुलींना हलकं वाटलं ना," प्राचार्यबाई म्हणाल्या.

"एकीला खोटारडी ठरवून. तीन आठवडे शिकवलं मी, बाई. वाटीभर सोड्यात गेलं सगळं."

प्राचार्यबाईंनी रजेचा कागद पुन्हा सही करून दिला, कुणाकडेही न बघता. तो हातात घेऊन चिमणी भाचीजवळ आली.

"मॅडम, माझ्या हाताने पाणी गुलाबी झालं नाही. तरी जाऊ?"

भाचीने डोळे मिटले. एवढं सगळं दाखवूनही हा प्रश्न उरला होता.

"पाण्याला काही माहीत नसतं गं. तुला माहीत आहे, तू सांगितलंस, मी ऐकलं. गुरुवारी नऊला फाटकापाशी थांब. मी येते."

लहानपणाचा घाव पाण्यात उमटत नाही. शेजारी बसून विचारावं लागतं, कधी वर्षभर थांबावं लागतं, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. तो घाव एका मिनिटात दाखवून दुसऱ्या मिनिटात घालवणारा कुणी भेटला, तर हात नंतर घाला. आधी चमचा घालून पाहा.